लाजऱ्या पोरीचा पिच्चर

युसूफ वडगाव या गावच्या बसप्पांची कावेरी अकरावीला गेली, तरी घरातसुद्धा हं-हूंच्या पुढं जात नव्हती. लाजऱ्या मुलीवरचा सिनेमा लागलाय म्हटल्यावर बसप्पा तिला मोटारसायकलवरून अंबाजोगाईला घेऊन गेले. सिनेमा इतका रटाळ निघाला की मध्यंतरानंतर निम्मं थेटर रिकामं झालं.

परतताना मागून आवाज आला, "आप्पा, लाजणारं माणूस असं सारखं रडत बसतंय व्हय? आमी गप असतो, पण मनात लई बोलत असतो!"

मग ती थांबलीच नाही. हिरोईन, तिची मैत्रीण, गाणी, शेवट, तिनं काहीच सोडलं नाही. बसप्पांनी गाडी मुद्दाम हळू घेतली.

दारातच कावेरीच्या आईनं, उमाबाईंनी विचारलं, "कसा होता पिच्चर?"


"लई भारी!" बसप्पा म्हणाले. "उद्या परत जातो आमी."