झिंग्यांची डोकी

होउमा गावातल्या चर्चमागे सगळे उकडलेल्या झिंग्यांवर तुटून पडले होते. तेलकंपनीचा रेमी माझ्याशेजारी टेकला. "समुद्रातल्या विहिरीचा आराखडा मंजूर कर ना, सरकार!" सरकारी कचेरीत तो आराखडा तपासतानाच माझं पित्त खवळलं होतं. खालचा जाड थर उपसायचा आणि वरच्या पातळ थरातलं तेल तसंच सोडून विहीर सिमेंटने बुजवायची! "अरे, ते तेल मग कुणालाच मिळणार नाही. समुद्र काय तुझ्या कंपनीच्या बापाचा आहे?" "नफा आहे गं त्यात, पण चिमूटभर. त्यासाठी कोण थांबतं?" म्हणत त्याने आणखी झिंग्यांसाठी ताट पुढे केलं. वाढणारी त्याची आई कडाडली, "मेल्या, नुसत्या शेपट्या खाल्ल्यास? डोकी कोण चोखणार? आधी ती संपव, मगच वाढेन!" रेमी निमूट चोखू लागला. मी म्हटलं, "सोमवारी नवा आराखडा आण. नाहीतर माझ्या खुर्चीत तुझ्या आईला बसवते."