नमुन्याचा कॉल

ऑफिसात फोनच्या नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर नवं होऊन आलं होतं. खऱ्या तारा ओढण्याआधी सगळं जाळं त्यात खोटंखोटं चालवून बघायचं. "आता त्यातले खोटे फोनकॉल चक्क ऐकूही येतात!" साहेब हरखून म्हणाले.

"वा! आधी नुसतं मिरवत होतं, आता बोंबही मारणार," ती म्हणाली. असल्या खेळण्यांपायी ती सहा महिन्यांचं लेकरू सासूबाईंपाशी टाकून येत होती. नाक मुरडतच तिने पडद्यावर दोन खोटे फोन जोडले आणि हेडफोन कानाला लावला.

आत कुणीतरी अंगाई गात होतं.

चाल तिची होती. शब्दही तिचेच, बाळाला थोपटता थोपटता जुळवलेले. आवाजसुद्धा तिचाच.

"मेल्यांनी चोरून रेकॉर्ड केलं की काय!" ती पुटपुटली. पण ती अंगाई तिने घराबाहेर कधी गुणगुणलीही नव्हती.

तिने टेबलावरच्या फोनवरून घाईघाईने घरी फोन लावला. "आई, बाळ बरं आहे ना?"

"कोण बोलतंय?" सासूबाई कुजबुजल्या. "जरा हळू बोला. सूनबाई आत त्याला झोपवतेय."

"अहो आई, मीच बोलतेय! मी ऑफिसात आहे!"

पलीकडून फोन ठेवला गेला.

हेडफोनमधली अंगाई थांबली. "कोण होतं हो, आई?" तिच्याच आवाजाने विचारलं.

"काय की बाई. तूच आहेस म्हणत होती."

"असेल कुणी रिकामटेकडी," तो आवाज तुसडेपणाने म्हणाला. "दाराला आतून कडी घाला तेवढी."