आजचा चेहरा

मालिकेत नायिकेच्या आईची भूमिका होती. ऑडिशनला आलेली शर्मिष्ठा केणी सतत पदर नीट करत होती. समोरच्या पडद्यावर नायिका आली. बाविसाव्या वर्षी शर्मिष्ठाने करार करून मालिका काढणाऱ्या या कंपनीला कायमचा देऊन टाकलेला, आता यंत्राने चालवलेला तो तिचाच चेहरा होता. तीस वर्षांत त्यावर एकही सुरकुती पडली नव्हती.

"आई, मी निघते," नायिका म्हणाली.

शर्मिष्ठा संवाद विसरली. "थांब, आधी जेवून घे. किती वाळलीस गं," म्हणताना तिला रडू आवरेना.

"भूमिका तुमचीच, ताई," दिग्दर्शक म्हणाला. "फक्त हा चेहराही आम्हाला द्या. पुढचं काम यंत्र करेल."

शर्मिष्ठाने त्याने पुढे केलेला करार शेवटपर्यंत वाचला. "काम मीच करेन. नाहीतर राहू दे."

दिग्दर्शकाने पुढचं नाव पुकारलं.