झुरळं कुणाच्या खोलीतली

पेस्ट कंट्रोलला आलेल्या राजरत्नने लाकडी कपाटामागे बॅटरी मारली आणि हळूच मान हलवली. भिंतीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके होते, फटीत अंड्यांच्या तपकिरी डब्या अडकल्या होत्या आणि उजेड पडताच सात-आठ मिशा आत ओढल्या गेल्या. अड्डा सापडला होता.

खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली नानकटाई होती. शेजारी अर्धी खारी आणि चिवड्याची उघडी पुडी.

पलंगावर बसलेले अण्णा मान लांब करून बघत होते. "ते माझंच आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "शुगर आहे ना मला. सूनबाई गोडाला हात लावू देत नाही. तिला सांगू नका."

"अण्णा, तुमच्या नानकटाईवर इथे अख्खी कॉलनी पोसली गेलीय. यापुढे स्टीलच्या डब्यात ठेवा. घट्ट झाकणाच्या."

अण्णा हसले. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती, आणि दहा मिनिटांत ही गोष्ट त्यांनी तीनदा ऐकवली होती. बॅटरी कशी धरायची, तेही शिकवून झालं होतं. राजरत्नला म्हातारा आवडला. उल्हासनगरला त्याच्या स्वतःच्या घरी आता असं टोकणारं कुणी उरलं नव्हतं.

स्वयंपाकघरात सून, सई, ओट्याखालची भांडी बाहेर काढून बसली होती. इथे सिंकच्या पाइपाजवळ दोन-चार ठिपके दिसले. बाकी सगळं लख्ख.

"कुठून येतात, काही कळलं?" सईने विचारलं.

अण्णांच्या कपाटामागचं राजरत्नच्या ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून तो थांबला. "सापळे लावून सांगतो, ताई. आतून चिकट असतात. तीन दिवसांनी मोजायचे. जिथे जास्त सापडतील, तिथे अड्डा. मग झुरळं मारायचं जेल लावू."

सईने आवाज खाली आणला. "आमच्या ओवीला दमा आहे. मागच्या महिन्यात दोनदा ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, झुरळांमुळे वाढतो. माझ्या नवऱ्याचं, अनीशचं म्हणणं, सगळं अण्णांच्या खोलीतूनच येतं. तसं निघालं तर अण्णांना वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलंय. बदलापूरच्या पुढे एक आहे, तिथे जागा धरून ठेवलीय." तिने पदराऐवजी हातातल्या फडक्यानेच डोळे टिपले. "मला नाही पटत हो. पण पोरीला धाप लागते तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलू?"

"अण्णांना माहितेय?"

"नाही. अनीश म्हणतो, आधी सापळ्यात काय निघतं ते बघू."

राजरत्न बारा वर्षं हे काम करत होता. त्याला एक पक्कं ठाऊक होतं. अड्डा कागदावर कुणाच्याही नावाने लागो, त्याने कपाटाच्या फटींत आणि बिजागऱ्यांत जेलचे ठिपके दिले की एक झुरळ ते खाऊन मरणार, त्याला खाऊन बाकीची मरणार, आणि तीन आठवड्यांत घर साफ होणार. पोरीला मोकळा श्वास मिळणारच होता. मग दोन नानकटाया खाल्ल्या म्हणून म्हाताऱ्याने घर का सोडावं?

अण्णा हॉलमध्ये चहा पीत होते तेवढ्यात त्याने काम उरकलं. कागदाच्या घरासारखे दोन सापळे घडी करून उभे केले आणि मार्करने त्यांच्या तळाला नावं लिहिली. एकावर 'अण्णांची खोली' लिहिलं आणि तो सिंकखाली ठेवला. दुसऱ्यावर 'स्वयंपाकघर' लिहिलं आणि तो अण्णांच्या कपाटामागे सरकवला. अण्णांना विश्वासात घ्यावं, असं त्याला क्षणभर वाटलं. पण मग वृद्धाश्रमाचंही सांगावं लागलं असतं. माणूस मानी होता. राजरत्न गप्प बसला.

"मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," त्याने जाताना सईला बजावलं. "उचलणार मीच."

रविवारी सकाळी तो कात्रपला अण्णांच्या घरी परत आला. अनीश घरीच होता. मवाळ बोलणारा माणूस, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. ओवी सोफ्यावर दम्याचा पंप हातात घेऊन चित्र काढत होती.

राजरत्नने दोन्ही सापळे उचलले, उलटून न बघता पिशवीत टाकले आणि आणून जेवणाच्या टेबलावर ठेवले. त्याच्या मनाला अगदी स्वस्थ वाटत होतं. 'सिंकखाली पाइपाची फट बंद करून घ्या, मेन प्रॉब्लेम तिथेच आहे,' हे वाक्यही त्याने रिक्षात बसून तयार केलं होतं.

अनीशने पहिला सापळा उलटा करून नाव वाचलं. "स्वयंपाकघर." मग तो उघडला. "तीन."

राजरत्नला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"अण्णांची खोली," अनीशने दुसरा उघडला. तो मोजायची गरज नव्हती, तरी त्याने बोट न लावता एकेक मोजलं. "एकेचाळीस."

सईने तोंड फिरवलं आणि ती उगाचच गॅसपाशी जाऊन उभी राहिली. अनीशने फोन उचलला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून त्याचे फक्त ओठ हलताना दिसत होते. राजरत्नने स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं पुन्हा वाचली.

अण्णा दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बाहेर आले. टेबलावर वाकून त्यांनी चष्मा सारखा केला, दोन्ही सापळे नीट निरखले आणि राजरत्नच्या पाठीवर थाप मारली.

"बारा वर्षं हे काम करता म्हणे, आणि दोन्ही चुकीच्या जागी ठेवले होते तुम्ही!" ते खूश होऊन म्हणाले. "त्याच संध्याकाळी मी अदलाबदल करून जागच्या जागी लावले, नाहीतर सगळी मोजणी चुकली असती."