बारा फूट इकडे, बारा फूट तिकडे

मोजणीकाकांनी टेपचं एक टोक स्वतःच्या फाटकाला अडकवलं आणि दुसरं कवळीच्या हातात दिलं.

"घट्ट धर. एवढं तरी जमेल ना?"

कवळीने धरलं. गल्ली बरोबर चोवीस फूट भरली. काकांनी मधोमध खडूने फुली मारली, मग ती पुसून दोन बोटं सरकवली. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दुसऱ्याच्या हद्दीत नाक खुपसायची सवय काही सुटली नाही.

कवळी म्हणजे समोरच्या घरात तीन महिन्यांपूर्वी भाड्याने आलेली मुलगी. दातांच्या कवळ्या बनवते, म्हणून अख्ख्या गल्लीने तिचं नाव कवळी ठेवलेलं. तिच्याकडे एक कासव होतं, हात लावला की पोटाकडची फळी ओढून डबीसारखं मिटून घेणारं. नाव बटाटा. आधी ते मावशीचं होतं. मावशी गेली, आणि तिचं म्हणून हलतं-चालतं असं एवढंच मागे उरलं.

काकांचंही असंच एक कासव होतं, राजा. चार महिन्यांपूर्वी ते गायब झालं. परवा काकांना कवळीच्या पायरीवर बटाटा दिसला आणि झालं.

"हा माझा राजा आहे."

"नाही काका, हा बटाटा. मी येतानाच घेऊन आले."

"घर बघायला त्याआधी आली होतीस. तेव्हा पिशवी होती तुझ्याकडे, मी बघितली."

"पिशवीत डबा होता."

"कागद आहे का याचा?"

"कासवाचा कसला कागद?"

काका जमलेल्या लोकांकडे वळले. "बटाटा म्हणे. प्राणी पाळतेय की भाजी चिरतेय, हेच हिला कळेना."

लोक हसले. कवळी म्हणाली, "तुम्हीच सांगत असता, राजाचे डोळे लालभडक आहेत. याचे तपकिरी आहेत, बघा की."

"तुझ्या घरात राहून कोणाचाही रंग उतरेल."

मग कवळीच्या तोंडून एक गोष्ट निसटली. बटाटा दोन दिवस खात नव्हता. सारखा भिंतीच्या कडेने फेऱ्या मारायचा, कुंड्यांमधली माती उकरायचा, थोडी उकरून सोडून द्यायचा. काकांना काही माहीत असेल तर सांगतील, म्हणून विचारायला गेली बिचारी.

काका असे फुलले की विचारू नका. "अगं, हद्द शोधतोय तो. राजाने माझ्या बागेत दुसरं कासव टिकू दिलं नाही, चावून चावून हैराण केलं. नराला स्वतःची जागा असते. मादीचं काय, जिथे ठेवाल तिथे पडून राहते. नराला कुठेही नेऊन सोडा, तो आपल्या जागेवर येणार. सोडूया मध्यावर? बघूया कोणाकडे जातो ते?"

कवळी हो म्हणाली. नाही म्हटलं तर चोर ठरणार होती.

काकांनी कागदावर सगळं लिहून काढलं. राजा, नर, वय पंधरा. आपल्या पायाने ज्याच्या फाटकात शिरेल त्याचा.

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "नर आहे हेही लिहायलाच हवं का?"

"मुद्द्याचं तेच आहे. तुला नाही कळायचं."

"बरं," काकू म्हणाल्या आणि साक्षीदार म्हणून सही करून आत गेल्या.

रविवारी चार वाजता बटाट्याला फुलीवर ठेवलं. पंधरा-वीस मिनिटं तो मिटूनच बसला. मग डोकं बाहेर आलं, पाय आले, आणि तो कवळीच्या घराकडे तीन पावलं चालला. बटाटा थांबला, मान लांब केली, वळला आणि थेट काकांच्या फाटकाखालून आत गेला. कालच काकांनी गुलाबाचा वाफा खणून भुसभुशीत केला होता. त्या वाफ्यात भिंतीकडे पाठ करून तो जो बसला, तो बसलाच.

"आला की नाही घरी?" काका म्हणाले. "मोजणीत माझी चूक झालेली कोणी दाखवावी."

कवळीच्या हातात काकडीची चकती होती, ती तशीच राहिली.

"उभी काय राहिलीस? त्याचं भांडं आण जा. आणि धुऊन आण, तुमच्या घरचा वास नको त्याला."

ती गेली. भांडं घासलं, पुसलं, परत आली. तोवर ऊन छपरांवर चढलं होतं. काका स्टुलावर बसून बटाट्याच्या तोंडासमोर भाषण देत होते आणि सगळी गल्ली त्यांच्या मागे उभी. "चेहरा बघा. समाधान बघा. मालक ओळखलाय त्याने. हलत नाही बघा जागचा."

कवळी गुडघ्यांवर बसली. "काका, मावशी रोज संध्याकाळी त्याच्याशी थोडं बोलायची. तेवढं तरी..."

"मी बोलेन. माझ्याशी निदान काहीतरी शिकण्यासारखं बोलणं होईल. हा घे कागद, त्यावर 'राजा परत दिला' असं लिहून तुझी सही कर."

तिने पेन घेतलं. काकू झारी घेऊन वाफ्याच्या मागच्या बाजूने आल्या, भिंत आणि बटाटा यांच्यामधल्या फटीपाशी वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग झारी खाली ठेवली.

"सही थांबव गं," त्या कवळीला म्हणाल्या. "आणि अहो, भाषण झालं असेल तर जरा या मागच्या बाजूला. तुमच्या राजाने आत्ता तिसरं अंडं घातलं."