कथील रडतं

“सायेब, आजबी वाळूच,” चाळण आपटत कमरबी म्हणाली.

पुण्याचे सर हसले. “बघत राहा, बाई. जुन्या काळी माणसं असल्याच खोऱ्यांत नदीची वाळू धुऊन कथील काढायची. इथंही काढत होती का, तेवढंच शोधायचंय.”

अठ्ठ्याहत्तर साल. कोळवणच्या खोदकामावर बाकीच्या बाया रोजासाठी यायच्या. कमरबी आली होती ती ‘कथील’ हा शब्द ऐकून.

अकरा वर्षांमागं श्रावणातल्या सप्त्याआधी देवळाच्या तांब्याच्या पातेल्यांना कल्हई लावायला तिचा अलाउद्दीन बसला होता. कथील देवळाचं, हात त्याचे. त्या साली कथील आलंच नाही, असं तो सांगत राहिला. उरल्यासुरल्यावर त्यानं भागवलं. आंबट कढी उघड्या तांब्यात कळकली, विखारी झाली आणि तीन पोरं गेली. “देवाचं कथील खाल्लं,” गाव म्हणालं. महिन्याभरात तोही खंगून गेला.

एकटा त्याचा दोस्त, कुशाबा टाळकरी, त्याच्या बाजूनं बोलला. कथील पुण्याहून त्यानंच आणलं होतं. “म्या भट्टीपाशी ठिवलं, तवा अलाउद्दीन तितं न्हवता. कुनीबी उचललं आसंल.” त्याच खेपेला पुण्याहून परतताना नदीच्या उतारावर त्याचा पाय घसरला आणि त्याची काठ उडालेली टाळांची जोडी वाहून गेली. पुन्हा त्यानं टाळ हाती धरला नाही. दोस्ताचं दुःख, दुसरं काय! कीर्तनात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की लेकरासारखा रडायचा. कमरबीच्या घरचं पीठ मात्र त्यानं कधी संपू दिलं नाही. देवमाणूस!

आजही तो भाकरी घेऊन आला होता.

“कमरबी, सोड ह्यो नाद. नदीनं गिळल्यालं कुटं मिळतंय?”

“मरायच्या आदी त्यांचं नाव धुवायचंय, दादा. तुमी भाकरी खावा, माजं डोकं नगा.”

तेवढ्यात खड्ड्यातून हाक आली. उताराच्या धोंड्यांत अडकलेला कडीचा पितळी डबा निघाला होता. सरांनी झाकण उचकटलं. वरच पाच काळवंडलेल्या कांड्या, खाली गच्च गाळ.

“हे काही जुनं नाही,” सर हिरमुसले.

कमरबीनं एक कांडी कानाशी नेऊन वाकवली. कर्रर्र! अलाउद्दीननं शिकवलं होतं, शिसं मुकं असतं. कथील वाकवलं की रडतं.

“देवळाचं कथील! दादा, माज्या मानसानं न्हाई खाल्लं! चोरानं नदीत टाकलंय बगा!”

कुशाबा जागचा उठला नाही. घास हातातच राहिला.

सरांनी डबा चाळणीत पालथा केला, वरून पाणी ओतलं. गाळ वाहून गेला. चाळणीत दोन टाळ उरले. एकाचा काठ उडालेला होता.