हिरामणचं काळीज

मेलेल्या माणसाला भित्रा ठरवलंत तुम्ही, साहेब. तेही त्याच्या बायकोच्या तोंडावर.

हे वाक्य डॉक्टर सरोजिनींच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. हातात रबरी मोजे होते, समोर टेबलावर हमाल हिरामण होता, आणि साहेब शवागाराच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे होते. मार्केटमागच्या कोल्ड स्टोरेजची अमोनिया वायूची लाइन ठणठणीत आहे, अशी सही याच तपासनीस साहेबांनी केली होती. काल दुपारी ते पुन्हा तपासणीलाच गेले होते. मॅनेजरच्या केबिनमध्ये त्यांचा चहा चालू असताना तीच लाइन फुटली.

“जरासा वास सुटला, मॅडम. मी स्वतः तिथे होतो ना! हा घाबरून पळत सुटला आणि दारातच कोसळला. हार्ट. दुसरं काय असणार?” साहेब मोठ्यानं बोलत होते. बाहेर पायरीवर बसलेल्या सुंदराबाईला नवऱ्याबद्दलचा शब्द न् शब्द ऐकू जात होता.

“आत या की, साहेब,” शवागारातला हौसेराव म्हणाला. “लांबून काय दिसतंय तुम्हाला? आत पंखापण आहे.”

साहेब आत आले नाहीत.

डॉक्टरांनी हृदय हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. मुठीएवढं असायला हवं, ते जवळजवळ दोन मुठींचं झालं होतं. सैल, दमलेलं. डाव्या भिंतीत पांढरट जुना व्रण होता. म्हणजे एक झटका कधीच येऊन गेला होता, आणि गड्यानं तो अंगावर काढला होता. पुढची मोठी रक्तवाहिनी कापताना कात्री कुरकुरली. आत चुन्यासारखं घट्ट झालेलं. रक्ताला वाट होती ती सुई जाईल एवढीच.

डॉक्टरांना निरोगी हृदय हवं होतं. तसं निघालं असतं, तर साहेबांचं खोटं तिथल्या तिथे उघडं पडलं असतं.

“बाई, हे तर पार गेलेलं,” हौसेराव पुटपुटला.

साहेबांचा रुमाल नाकावरून खाली आला. “निघालं ना खराब? झालं तर मग. तेवढंच लिहा. असल्या हार्टचा माणूस, आज ना उद्या जाणारच होता.”

“उद्या गेला असता,” डॉक्टर म्हणाल्या. “आज का गेला, ते बघते.”

त्यांनी श्वासनलिका उघडली. आतून लालभडक, सोलून काढल्यासारखी. फुप्फुसं पाण्यानं जड, फेसानं भरलेली. हा माणूस त्या वायूत बराच वेळ होता. वास आल्याबरोबर पळालेल्याचं नरडं असं भाजत नाही.

डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं. हृदय आजारी. मृत्यू अमोनियानं.

“उगाच टेन्शन घेताय, मॅडम. मला वर कळवावं लागेल.”

“कळवा ना. माझ्या नावाचं स्पेलिंग सांगू?”

मोजे काढून, हात धुऊन त्या बाहेर आल्या. सुंदराबाईशेजारी शकुबाई बसली होती. कोल्ड स्टोरेजमध्ये बटाटे निवडायच्या बायकांतली एक. तिचे डोळे सुजून मिटायला आले होते. डॉक्टर पायरीवर टेकल्या. ‘हृदय’ म्हटलं तर पुस्तकी वाटेल, म्हणून त्यांनी सोपा शब्द शोधला.

“सुंदराबाई, त्यांचं काळीज खराब होतं. बऱ्याच दिवसांपासून.”

सुंदराबाई ताडकन उठली. “ए बाय! माज्या मानसाचा कालीज खराब? ही शकू हाय ना, हिला कोनी काढली भायेर? अजून दोघींना कोनी काढली? खांद्याव टाकून आनल्या त्यानं. अजून कोन ऱ्हायलाय का, बघाला परत आत गेला. आन् तू बोलतेस कालीज खराब!”

“मला त्यानंच काढली, बाय,” शकुबाई म्हणाली. “तो नसता तर मी पन आज तुज्या टेबलाव असते.”

डॉक्टरांना आपली चूक कळली. त्या टेबलावरच्या हृदयाबद्दल बोलत होत्या. सुंदराबाईच्या खाडीकाठच्या गावात काळीज खराब म्हणजे माणूसच कुचकामी.

“चुकले मी. हार्ट म्हणायचं होतं मला. छातीत धडधडतं ते. दुखायचं का त्यांच्या छातीत?”

“गोनी उचलली का दुखायचा. गॅस झाला बोलायचा. सोडा प्यायचा, परत गोनी उचलायचा.”

असलं हृदय घेऊन येणारे पेशंट डॉक्टरांनी रोज पाहिले होते. एक जिना चढताना ते दोनदा बसत. आणि हा माणूस त्या धुरासारख्या वायूत पुन्हा पुन्हा शिरला होता. येताना खांद्यावर जिवंत ओझं घेऊन.

“सुंदराबाई, त्यांचं हार्ट इतकं दमलेलं होतं की त्यांना दहा पावलंसुद्धा धावता यायला नको होतं,” त्या म्हणाल्या. “ते आत कसे गेले, ते मला डॉक्टर असून सांगता येत नाही. असा माणूस मी पाहिला नाही.”

सुंदराबाईनं पदरानं तोंड पुसलं. साहेब गाडीकडे निघाले होते. ती त्यांच्या आणि गाडीच्या मधे जाऊन उभी राहिली.

“सायब, तुमचा हार्ट चांगला हाय ना?”

साहेब गोंधळले. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

“तुमी पन तिथंच व्हताव. मंग तुमी का नाय गेलाव आत? बोला.”